कड्यांवरील हंगामी आरोहणबंदी

शिकारी पक्ष्यांच्या विणीच्या काळात त्यांचे घरटे असलेला कडा, किंवा त्या कड्याचा काही भाग, प्रस्तरारोहणासाठी ठरावीक मुदतीपुरता बंद ठेवणे म्हणजे हंगामी आरोहणबंदी. बहिरी ससाणा, सोनेरी गरुड, मोठे शृंगी घुबड आणि कड्यावर वीण करणारी गिधाडे हे या बंदीमागचे मुख्य पक्षी. काही ठिकाणी ती कायद्याने घातलेली असते, काही ठिकाणी आरोहकांनी स्वतः मान्य केलेली. पिल्ले उडून गेली की कडा पुन्हा खुला होतो. कायमच्या मनाईहून ही बंदी वेगळी ठरते ती इथेच, आणि म्हणूनच तिच्यात तारखांना व हद्दींना फार महत्त्व असते.

पक्षी आणि आरोहक यांची गाठ पडते, कारण दोघांची पसंती एकच. उभा, उंच, भक्कम कातळ. पाऊस अडवणारे ओव्हरहँग, म्हणजे बाहेर झुकलेला कातळ. सहजासहजी कुणाला पोहोचता येणार नाही अशी कपार. जमिनीवरून येणाऱ्या शत्रूला जिथे चढता येत नाही तिथे पक्षी अंडी घालतो, आणि नेमके तिथे चढता यावे म्हणून माणसाने दोर, हार्नेस (कमरेचा पट्टा) आणि बोल्ट (कातळात ठोकायच्या धातूच्या खुंट्या) वापरात आणले. बहिरी ससाणा घरटे बांधतच नाही. कपारीतल्या बारीक खडीत छातीने आणि पायांनी तो एक उथळ खळगा करतो, त्यातच मादी अंडी घालते. गरुडाचा काटक्यांचा ढीग वर्षानुवर्षे वाढत जातो आणि दुरूनही दिसतो. ससाण्याचा खळगा मात्र त्या कपारीवर हात टेकेपर्यंत कळत नाही. खाली ओघळलेली पांढरी विष्ठा, विखुरलेली पिसे, भक्ष्याचे अवशेष, एवढ्याच खुणा. शिवाय एकेका जोडीच्या पसंतीच्या कपारी अनेक असतात आणि दर वर्षी ती त्यांतली कुठलीही निवडते. गेल्या वर्षीचा नकाशा यंदा लागू पडेलच असे नाही.

आरोहकाचा हात प्रत्यक्ष घरट्याला लागून नुकसान होते, असे क्वचितच घडते. नुकसान सुरू होते ते पक्षी उठतो तेव्हा. अंडी उबवणारी मादी बराच वेळ बाहेर राहिली तर थंडीत अंडी गार पडतात आणि ऊन थेट येणाऱ्या कातळावर ती तापतात. नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना पहिले दहाबारा दिवस अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही. याच वेळी रॅव्हन, म्हणजे कड्यावरच राहणारा मोठा कावळा, मोकळ्या घरट्यावर टपलेला असतो. इटलीतील बहिरी ससाण्यांवर 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आरोहण आणि रॅव्हनचे अस्तित्व, दोन्हींमुळे विणीचे यश घटते असे आढळले. विणीच्या अगदी सुरुवातीला, जोडी जागा निवडत असताना, वावर जाणवला तर ती जागाच सोडून देते; म्हणून बंदी अंडी घालण्याच्या आधीपासून लागते. शेवटी धोक्याचे रूप बदलते. पंख जवळजवळ तयार झालेली पण उडता न येणारी पिल्ले घाबरून कपारीबाहेर झेप घेतात आणि खाली पडतात. ‘आता पिल्ले मोठी झाली, चढले तर काय बिघडते’ हा युक्तिवाद दर हंगामात ऐकू येतो. तो चुकीचा आहे, आणि नेमका सर्वांत वाईट वेळी केला जातो.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे: बहिरी ससाणा गजबजलेल्या शहरांत, चर्चच्या मनोऱ्यांवर आणि उंच इमारतींवर वीण करतो, मग दोराला लटकलेल्या दोन माणसांचा त्याला त्रास का व्हावा? उत्तर आवाजात नाही, दिशेत आहे. रहदारी खालून जाते, रोज तशीच जाते आणि घरट्याकडे कधी येत नाही. आरोहक मात्र हळूहळू, थांबत थांबत, थेट घरट्याच्या रोखाने वर सरकतो. पक्ष्याच्या दृष्टीने ही शिकाऱ्याची चाल आहे. घरट्याच्या वरच्या बाजूला माणूस आला तर पक्षी जास्त बिथरतो, कारण उंचीचा फायदा हीच त्याची सुरक्षितता असते. त्यामुळे कड्याच्या पायथ्याची पायवाट खुली ठेवूनही माथ्यावरून दोर सोडून उतरण्याला, म्हणजे रॅपलिंगला, मनाई असणे यात विसंगती नाही. वापरात असलेल्या खाणीतल्या ससाण्याला यंत्रांची सवय होते, हेही खरे. पण एका जोडीची सवय दुसऱ्या जोडीला लागू करता येत नाही.

विणीचे वेळापत्रक

बंदीची मुदत पक्ष्यागणिक बदलते. बहिरी ससाण्याची मादी साधारण 3 ते 4 अंडी घालते. ती उबायला महिनाभर लागतो आणि पिल्ले आणखी सुमारे 6 आठवड्यांनी उडतात. त्यानंतरही काही आठवडे ती आईबापांनी आणलेल्या भक्ष्यावरच जगतात. सोनेरी गरुडाची अंडी उबायला सुमारे 6 आठवडे आणि पिल्लू उडायला 10 ते 11 आठवडे लागतात. गिधाडांचा काळ सर्वांत मोठा. ग्रिफन गिधाड हिवाळ्याच्या उत्तरार्धात एकच अंडे घालते, ते सुमारे पावणेदोन महिने उबवते आणि पिल्लू चार महिन्यांच्या आसपास उडते. दाढीवाले गिधाड तर भर हिवाळ्यात अंडी घालते. शृंगी घुबडाची गोष्ट निराळी: दिवसा ते कपारीत निश्चल बसून असते, आरोहकाला दिसतच नाही आणि अगदी जवळ गेल्यावर एकाएकी उठते. ‘आम्हाला इथे पक्षी दिसला नाही’ या वाक्याला घुबडाच्या कड्यावर काही अर्थ उरत नाही.

उत्तर गोलार्धात बहुतेक बंद्या फेब्रुवारी किंवा मार्चपासून जून-जुलैपर्यंत असतात. दक्षिण गोलार्धात हे चक्र उलटते. तिथला बहिरी ससाणा वर्षाच्या उत्तरार्धात वीण करतो. कॅलिफोर्निया कॉन्डॉर या अमेरिकेतल्या प्रचंड गिधाडाचे पिल्लू सुमारे 6 महिने घरट्यात राहते, त्यामुळे त्याचा काळ शरद ऋतूपर्यंत लांबतो. 2019 साली अमेरिकेतील झायन राष्ट्रीय उद्यानात, एंजल्स लँडिंगजवळच्या कड्यावर जे कॉन्डॉर पिल्लू जन्मले, ते या जातीच्या पुनर्वसन मोहिमेतील हजारावे पिल्लू मानले गेले.

पार्श्वभूमी

ही पद्धत का रुजली, हे बहिरी ससाण्याच्या इतिहासावाचून समजत नाही. दुसऱ्या महायुद्धात संदेशवाहक कबुतरांना धोका म्हणून ब्रिटनने 1940 साली ससाणे मारण्याचा अधिकृत आदेश काढला. युद्धानंतर संख्या सावरत होती. पुढे शर्यतीची कबुतरे पाळणाऱ्यांनी ससाणे फार झाल्याची तक्रार केली, म्हणून 1961-62 मध्ये देशभर मोजणी झाली. निष्पन्न झाले ते अगदी उलट: ससाणे झपाट्याने नाहीसे होत होते. मोजणीचे काम पाहणारे डेरेक रॅटक्लिफ यांनी पुढे संग्रहालयांतली आणि खासगी संग्रहांतली जुनी अंडी तपासली आणि 1967 साली दाखवून दिले की 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अंड्यांची कवचे पातळ होत गेली आहेत. डीडीटीसारखी कीटकनाशके भक्ष्यांतून पक्ष्यात साठत होती आणि उबवणाऱ्या मादीच्या वजनानेच अंडी फुटत होती. अमेरिकेत मिसिसिपीच्या पूर्वेला 1960 च्या दशकाच्या मध्यास वीण करणारी एकही जोडी उरली नव्हती.

अमेरिकेने 1972 साली डीडीटीवर बंदी घातली. 1970 साली पक्षिशास्त्रज्ञ टॉम केड यांनी सुरू केलेल्या पेरेग्रिन फंड या संस्थेने बंदिवासात पिल्ले वाढवून ती कड्यांवर सोडली. 1999 च्या ऑगस्टमध्ये बहिरी ससाणा अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून वगळण्यात आला. या पुनरागमनात आरोहकांचा वाटा मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या एल कॅपिटन कड्यावर 1978 साली ससाण्याचे घरटे सापडले, सुमारे साडेतीन दशकांच्या खंडानंतर, आणि ते आरोहकांनाच दिसले. पातळ कवचाची अंडी वाचवण्यासाठी घरट्यापर्यंत पोहोचायचे तर दोरावर काम करू शकणारी माणसेच लागत. 2009 पासून योसेमिटीत ससाण्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कार्यक्रम चालतो. तिथे विणीच्या कड्यांवरचे मार्ग साधारणतः 1 मार्च ते 15 जुलै बंद असतात.

कायदा आणि करार

ब्रिटनमध्ये 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात बहिरी ससाणा आणि सोनेरी गरुड आहेत. त्यांना घरट्यावर किंवा घरट्याजवळ हेतुतः अथवा बेपर्वाईने त्रास देणे हा गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवासही होऊ शकतो. तरीही रोजचा कारभार चालतो तो करारावर. 1944 साली स्थापन झालेली ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिल जमीनमालक आणि पक्षिसंरक्षक यांच्याशी बोलून कुठला भाग, कुठल्या तारखांना बंद ठेवायचा हे ठरवते आणि आरोहकांना कळवते. समुद्रकाठच्या कड्यांवर गिलेमॉट, रेझरबिल अशा सागरी पक्ष्यांसाठीही अशाच बंद्या असतात. अमेरिकेत सरकारी जमिनींवर आदेश थेट निघतात. कोलोरॅडोतील बोल्डर शहराच्या ताब्यातील फ्लॅटआयर्न्स कड्यांचे काही भाग 1 फेब्रुवारी ते 31 जुलै बंद राहतात. मेन राज्यातील अकेडिया उद्यानात तर ‘प्रेसिपिस’ ही कड्याला बिलगून जाणारी पायवाटच ससाण्यांसाठी बंद होते. आरोहकांची बाजू मांडण्यासाठी अमेरिकेत 1991 पासून ॲक्सेस फंड ही संस्था काम करते.

जर्मनीत वाद अधिक तीव्र होता. अनेक कडे कायमचे बंद झाल्यावर आरोहक संघटना आणि निसर्गरक्षक वाटाघाटींना बसले. फ्रांकेनयुरा भागात कड्यांची तीन क्षेत्रांत विभागणी झाली: एकात आरोहण अजिबात नाही, दुसऱ्यात फक्त जुन्या मार्गांवर, तिसऱ्यात नवे मार्गही चालतात. या कायम विभागणीवर ससाणा आणि शृंगी घुबड यांच्यासाठी हंगामी बंदी वेगळी बसवली जाते. नुसत्या मनाईपेक्षा ही व्यवस्था टिकाऊ वाटते, कारण तिच्यात प्रत्येक कड्याचा स्वतंत्र विचार आहे.

हद्द आणि मुदत

चांगली बंदी आणि वाईट बंदी यांतला फरक हद्दीत दिसतो. घरट्यापासून सरसकट वर्तुळ काढले की कड्याच्या पाठीमागचा, पक्ष्याला दिसतही नसलेला भाग बंद होतो आणि समोरची उघडी धार मात्र खुली राहू शकते. अंतरापेक्षा दृष्टीची रेषा महत्त्वाची: घरट्यावरून आरोहक दिसतो का, तो घरट्याच्या वर जातो का. काही कड्यांवर एका कोपऱ्यापलीकडचे मार्ग खुले ठेवूनही वीण सुखरूप पार पडते. गरुड अधिक बुजरा, त्याला मोठे अंतर लागते.

तारखांचेही तसेच. हंगामाच्या सुरुवातीला जोडीने कुठली कपार निवडली हे माहीत नसते, म्हणून मोठा भाग बंद करावा लागतो. दुर्बिणीतून आठवडेच्या आठवडे निरीक्षण केल्यावर घरटे नक्की होते आणि उरलेला भाग खुला करता येतो. वीण झालीच नाही किंवा फसली, तर बंदी लवकर उठवावी. पहिली अंडी गेली तर ससाणा दोन-तीन आठवड्यांत दुसरी घालू शकतो, तेव्हा मात्र मुदत वाढते. लवकर उठवण्याचे औदार्य जिथे दाखवले जाते, तिथे वाढवलेली मुदतही आरोहक मुकाट्याने पाळतात. रिकाम्या कड्यावर जुलै अखेरपर्यंत नुसता फलक टांगून ठेवणाऱ्या व्यवस्थेवर विश्वास बसत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच फलक खऱ्या घरट्याखाली लावला तरी लोक त्याकडे दुर्लक्ष करतात.

गुप्ततेची अडचण मात्र अवघड आहे. ससाणे पाळण्यासाठी अंडी आणि पिल्ले चोरणारे आजही आहेत. 2010 साली बर्मिंगहॅम विमानतळावर एका प्रवाशाच्या अंगाला बांधलेली बहिरी ससाण्याची 14 अंडी सापडली. ती दक्षिण वेल्समधल्या कड्यांवरून उचललेली होती. बंदीचा नेमका फलक चोरालाही पत्ता सांगतो. म्हणून पुष्कळदा घरट्याची कपार न सांगता कड्याचा मोठा भाग बंद केला जातो आणि कारण मोघम ठेवले जाते. आरोहकांना ही हद्द अवाजवी वाटते, पण तिच्यामागे हेही कारण असू शकते. उलट, रोज कड्याखाली असणारे आरोहक हेच चोरांवरचे सर्वांत चांगले पहारेकरी असतात.

बंदी नसलेल्या मार्गावरही घरटे निघू शकते. ससाण्याची ‘कॅक-कॅक-कॅक’ अशी तीक्ष्ण, थांबण्याचे नाव न घेणारी हाक आणि डोक्यावरून वारंवार येणाऱ्या झेपा हा स्पष्ट इशारा असतो. अशा वेळी घरटे बघायला पुढे न जाता लगेच खाली उतरायचे, कपारीचा फोटो काढायचा नाही, ड्रोन उडवायचे नाही, आणि कड्याची देखभाल पाहणाऱ्यांना त्याच दिवशी कळवायचे. नव्या मार्गावर बोल्ट ठोकणे किंवा कातळावरची झुडपे साफ करणे हे तर विणीच्या काळात टाळावेच. नुकती उडू लागलेली पिल्ले पुढचे काही आठवडे त्याच कड्यावर परत येऊन बसतात, म्हणून बंदी उठल्यानंतरही पहिले काही दिवस विणीची कपार सोडून बाजूच्या मार्गांवर चढण्याची रीत अनेक आरोहक पाळतात.