पुनर्वापर केंद्रात वस्तू द्यायच्या आहेत? काय घेतात, काय परत येते आणि कागद कोणते लागतात

‘फुकट देतोय, तरी घेत नाहीत’ ही पुनर्वापर केंद्राच्या दारात रोज ऐकू येणारी तक्रार आहे. महापालिकेचे आरआरआर (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) केंद्र असो की एखाद्या संस्थेचे दुकान, तिथे दुरुस्तीसाठी वेगळे पैसे क्वचितच असतात आणि जागा नेहमीच अपुरी असते. आलेली वस्तू जशी आली तशी दुसऱ्याच्या घरी जाण्यासारखी हवी. नाहीतर ती भंगारात घालायचे काम केंद्राच्या माथी येते.

केंद्रे किती काळ चालू राहणार, याबाबत अजून गोंधळ आहे. 2023 मध्ये ‘मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर’ मोहिमेत 20 मेपासून आरआरआर केंद्रे उघडली आणि 5 जूनला मोहीम संपली. केंद्रेही तेव्हाच बंद झाली, असे अनेकांना वाटते. मुदत मोहिमेची होती. बऱ्याच शहरांत केंद्रे पुढेही चालू राहिली, काहींच्या जागा मात्र बदलल्या. म्हणून गाठोडे बांधण्याआधी क्षेत्रीय किंवा वॉर्ड कार्यालयाच्या घनकचरा विभागात पत्ता आणि वेळ विचारून घ्या. बंद शटरसमोर पोती ठेवून जाऊ नका. रात्रीत पाऊस आला किंवा कुत्र्यांनी पोते फाडले की आतले चांगले कपडेही वाया जातात.

कपडे, चपला-बूट, पुस्तके, खेळणी, भांडी यांना सहसा कागद लागत नाही. नोंदवहीत नाव आणि मोबाइल नंबर पुरतो. कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणा. पावसाळ्यात दमट कपड्यांची एक पिशवी शेजारच्या दहा पिशव्यांना कुबट वास लावते. खिसे घरीच तपासा. चपलांचे जोड दोरीने बांधा, कारण एकटी चप्पल कोणी नेत नाही. अंतर्वस्त्रे, उघडलेली औषधे, वापरलेले हेल्मेट आणू नका. हेल्मेटला आतून तडा असेल तर तो वरून दिसत नाही.

गाद्या आणि लाकडी पलंग सर्वांत जास्त परत जातात, ते ढेकणांमुळे. गादीची शिवण बोटांनी उघडून पाहा. बॉलपेनाने टिंबे दिल्यासारखे काळे डाग दिसले तर ती गादी देऊ नका. पलंगाच्या स्क्रूची भोके आणि फळ्यांचे सांधे टॉर्च लावून तपासा. ढेकूण असलेला एक पलंग आत आला की अख्खे दुकान रिकामे करून फवारणी करावी लागते. त्यामुळे इथे नकार मिळाला तर राग धरू नका. फर्निचर सोसायटीतून बाहेर काढायला गेटपास लागतो; तो नसेल तर टेम्पो गेटवरच अडकतो आणि भाडे तुमच्या अंगावर पडते.

कुकर द्यायचा असेल तर झाकण उजेडासमोर धरा आणि शिट्टीच्या नळीतून आरपार दिसते का ते पाहा. गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह जागेवर हवेत. मिक्सर सगळ्या भांड्यांसह आणा. वायर सोललेली असेल तर ते उपकरण ई-कचऱ्याच्या पेटीत जाते.

मोबाइलसाठी बिल मागतात आणि नेमके तेच कोणाकडे नसते. बिल नसले तर निदान आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, तपासून घ्या. स्टार-हॅश-06-हॅश दाबले की 15 अंकी क्रमांक दिसतो. इंग्रजीत ‘केवायएम’, एक जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस 14422 वर पाठवला की फोन ब्लॉक झालेला आहे का ते कळते. त्यानंतर गुगल खाते काढा आणि मगच फॅक्टरी रीसेट करा. हा क्रम चुकला तर फोन पुढच्या माणसाकडे तुमचा जुना पासवर्ड मागत बसतो आणि चालू फोन निरुपयोगी ठरतो. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका.

गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर कुठलेच केंद्र घेऊ शकत नाही. ते अनामत घेऊन दिलेले असतात, त्यांची मालकी गॅस कंपनीची. घर बंद करताना कनेक्शनचे कागद घेऊन एजन्सीकडे जा आणि अनामत परत घ्या.

शाळा आणि सरकारी कार्यालयांची अडचण वेगळी. बाके, कपाटे, संगणक टेम्पोत भरून येतात, पण निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू नोंदीतून कमी केल्याचा, आदेश सोबत नसतो. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत (डेड स्टॉक रजिस्टरमध्ये) असेपर्यंत ती कार्यालयाचीच मालमत्ता. मुख्याध्यापकांच्या सहीचे साधे पत्र इथे चालत नाही आणि पुढे लेखापरीक्षणात प्रश्न आला तर तो त्यांनाच निस्तरावा लागतो. निर्लेखनाची फाइल महिनोन्‌महिने टेबलावर पडून राहते आणि तोवर बाके व्हरांड्यात भिजतात. ही दिरंगाई चीड आणणारी आहे, पण तिला आडवाट नाही. म्हणून फाइल उन्हाळ्याच्या सुट्टीची वाट न पाहता आधीच हलवा. मोठ्या कंपन्या आणि महाविद्यालयांनी आणखी एक पाहावे: एका आर्थिक वर्षात किमान 1000 विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणे वापरणारी संस्था 2022 च्या ई-कचरा नियमांत मोठी ग्राहक ठरते. तिचा ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी उपकरणे दुरुस्त करून वापरण्याजोगी करणारा) किंवा रिसायकलरकडेच गेला पाहिजे.

पावतीवरून वाद होतात. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवर आयकराची 80 जी सवलत मिळत नाही. ती पैशाच्या देणगीलाच आहे, आणि त्यातही 2000 रुपयांपेक्षा जास्त रोख रकमेला नाही. तेव्हा ‘सोफ्याची पंधरा हजारांची पावती द्या’ असा आग्रह काउंटरवरच्या ताईंपाशी धरू नका. त्या देतात ती फक्त पोच.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात साफसफाईचे सामान एकदम येते, जागा संपते आणि चांगल्या वस्तूही परत पाठवाव्या लागतात. नवरात्रातच कपाटे आवरली तर त्याच वस्तू सहज घेतल्या जातात, आणि ज्यांना हव्या असतात त्यांना दिवाळीआधी मिळतात.