परतीचं विमान लवकर का पोचतं?

कोकणात आता गावागणिक एखादं तरी घर असं सापडतं, जिथले आईवडील लेकीच्या बाळंतपणासाठी न्यूजर्सीला जाऊन आलेत. त्यांच्या तिकिटावरच्या वेळा मोठ्या गमतीच्या. समजा, मुंबईहून रात्री १ वाजता विमान सुटलं. न्यूयॉर्कला ते त्याच दिवशी सकाळी ७ला उतरतं. परत येताना सकाळी ११ला निघालेलं विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११ला. म्हणजे जायला सहा तास आणि यायला चोवीस? तिकिटावर वेळ छापतात ती त्या त्या गावची. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे. जाताना तेवढे मिळवा, येताना वजा करा: साडेपंधरा आणि साडेचौदा.

अंतर तेच, मग एक तास कुठे गेला?

‘पृथ्वी फिरते ना, म्हणून’ हे ठरलेलं उत्तर. रत्नागिरीची जमीन ताशी सुमारे १,६०० किमी वेगाने पूर्वेकडे सरकते हे खरं, पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबरच फिरते. शिवाय तसं असतं तर न्यूयॉर्कच आपल्याकडे सरकत आलं असतं आणि जाणंच लवकर झालं असतं!

खरं कारण वारा. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर, साधारण दहा किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे जोरदार वाऱ्याचा पट्टा, वाहतो. जाताना तो समोरून लागतो, येताना पाठीमागून ढकलतो. हिवाळ्यात त्याचा वेग कधी कधी ताशी ३०० किमीच्याही वर जातो. जपानच्या वासाबुरो ओइशींनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला, पण अहवाल लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, मोजक्यांनाच येणाऱ्या भाषेत. बाहेर फारसं कुणी वाचलंच नाही!

आता अंतराचं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ सौदी, इजिप्त, अल्जीरियावरून जाते आणि भरते सुमारे १४,२०० किमी. पण नारळावर दोन ठिपके काढून त्यांच्यामध्ये सुतळी ताणा, ती शेंडीच्या बाजूला सरकेल. पृथ्वीवरची तशी वाट नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं दक्षिण टोक अशी जाते आणि सुमारे १२,५०० किमीत संपते. अर्थात ही झाली भूमितीतली वाट. तिच्यावर सुरुवातीलाच पाकिस्तान लागतो, आणि एप्रिल २०२५मध्ये त्यांनी भारतीय विमानांना आकाश बंद केल्यावर वळसा आलाच. वैमानिकही ती वाट तंतोतंत धरत नाहीत. परतताना चार-दोनशे किमी जादा पडले तरी जेट प्रवाह पाठीशी असेल तिथूनच ते येतात. किमी वाढतात, वेळ वाचतो, इंधनही वाचतं.

आपल्या डोक्यावर मात्र पावसाळ्यात उलटा कारभार असतो. आषाढात गुहागरला समुद्राकडून येणारा वारा छत्री उलटी करत असतो, तेव्हा ढगांच्याही वर, चौदा-पंधरा किमीवर, वारा पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. या पूर्वेकडच्या जेट प्रवाहाची ओळख भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८मध्ये करून दिली. त्यामुळे जुलैत मुंबईहून अमेरिकेला निघालेल्या विमानाला पहिला टप्पा तरी वारा आडवा येत नाही. उत्तरेला बरंच वर गेलं की तो पुन्हा समोरून सुरू होतो.