‘पैसे अडकलेत’: बंद पडलेलं क्रिप्टो कार्ड आणि मुळातच खोटं क्रिप्टो कार्ड

लातूरला गंजगोलाईच्या मागं माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीकविमा, सातबारा, पॅन कार्ड, नीटचा फॉर्म, रेल्वेचं तिकीट. मागच्या पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या आत दोन माणसं एकच वाक्य घेऊन आली: क्रिप्टो कार्डात पैसे अडकलेत.

पहिला आमच्या गल्लीतला पोरगा, लोगो-पोस्टर करणारा. त्याचं परदेशी गिऱ्हाईक त्याला यूएसडीटीत पैसे देतं, म्हणजे एका डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात. ते खर्चायला त्यानं एका परदेशी कंपनीचं कार्ड घेतलं होतं. दीड वर्ष चाललं आणि एके दिवशी पेट्रोल पंपावर नाकारलं. दुसरे औशाकडचे खत-बियाण्याचे दुकानदार, अण्णा. त्यांचं कार्ड एकदाही चाललं नव्हतं, पण मोबाईलमधल्या ॲपवर ३,२०० डॉलर शिल्लक दिसत होती.

आपल्याकडं ‘अडकले’ हा शब्द फार सोशिक आहे. कारखान्याकडचं ऊसबिल अडकतं, अडत्याकडं सोयाबीनची पट्टी अडकते, मल्टिस्टेटमधली ठेव अडकते आणि भिशीवाला गाव सोडून गेला तरी आपण पैसे अडकले असंच म्हणतो. खरं तर ऊसबिल कायद्यानं १४ दिवसांत यायला पाहिजे, येतं दोन-चार महिन्यांनी. पण तिथं कारखाना आहे, गेट आहे, पावती आहे. भिशीवाल्याच्या दारात हेलपाटे घालून कुलूप तेवढं दिसतं. पोराचं प्रकरण ऊसबिलाचं होतं, अण्णांचं भिशीचं. दोघांच्या तोंडी तक्रार मात्र अक्षरशः सारखी: शिल्लक दिसते, कार्ड चालंना, कस्टमर केअर नीट बोलंना.

असं सारखं का दिसतं, ते कळायला कार्ड आतून कसं चालतं ते बघावं लागतं. क्रिप्टो कार्डानं पैसे दिले तरी दुकानदाराला क्रिप्टो मिळत नाही, त्याला त्याचं नेहमीचं चलन मिळतं. मधे कंपनी तुमची नाणी विकते. कंपनीला स्वतः कार्ड काढता येत नाही, ते परवाना असलेली एखादी बँक किंवा ई-मनी संस्था (बँक नसून लोकांचे पैसे डिजिटल रूपात सांभाळणारी) काढून देते आणि तिच्या वर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं जाळं असतं. म्हणजे खऱ्या कार्डामागं दोरीच्या तीन गाठी असतात. त्यातली एक सुटली की कार्ड मेलं. मग कंपनी प्रामाणिक असो, तुमची चूक काडीची नसो.

हे अनेकदा झालंय. ५ जानेवारी २०१८ ला व्हिसानं जिब्राल्टरच्या वेव्हक्रेस्ट या कार्ड काढणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व नियम मोडल्याबद्दल रद्द केलं आणि त्या एका फटक्यात वायरेक्स, टेनएक्स, बिटवाला, क्रिप्टोपे अशा कंपन्यांची कार्डं बंद पडली. जून २०२० मध्ये जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीच्या हिशोबात १.९ अब्ज युरो नाहीतच असं उघड झालं. २६ जूनला ब्रिटनच्या नियामकानं तिच्या तिथल्या कार्ड शाखेचं काम गोठवलं. त्या शाखेवर चालणारी क्रिप्टोची आणि बिगर-क्रिप्टोची कार्डं काही दिवस ठप्प झाली, मग बंधनं सैल झाली. बिनान्स या क्रिप्टो एक्सचेंजचं युरोपातलं कार्ड २०२३ च्या डिसेंबरात बंद झालं, ते तारीख आधी सांगून. अशा वेळी गिऱ्हाईक ‘घोटाळा, घोटाळा’ ओरडतं. राग समजतो, पण तो घोटाळा नसतो.

आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये अमेरिकेत सेन्ट्रा टेक नावाची कंपनी निघाली. आमचं क्रिप्टो डेबिट कार्ड व्हिसा-मास्टरकार्डवर चालतं, असं सांगून तिनं नाणी विकली आणि ३ कोटी २० लाख डॉलरहून जास्त गोळा केले. मुष्टियोद्धा फ्लॉइड मेवेदर आणि डीजे खालिद यांनी जाहिरात केली. एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं खटला भरला तेव्हा बाहेर आलं की व्हिसा-मास्टरकार्डशी कसला करार नव्हता आणि कंपनीच्या पानावरचे काही मोठे अधिकारी, त्यांच्या शिक्षण-अनुभवासकट, रचलेले होते. इथं गाठ सुटली नव्हती, दोरीच नव्हती. संस्थापकांपैकी एकाला पुढं ८ वर्षांची शिक्षा झाली.

आणि मधली एक जात आहे, जी माझी ही मांडणी बिघडवते. एफटीएक्स या क्रिप्टो एक्सचेंजनं, म्हणजे नाणी खरेदी-विक्रीच्या बाजारानं, ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हिसाबरोबरचं कार्ड ४० देशांत नेणार असं जाहीर केलं. जोडीदार खरा, करार खरा. पुढच्याच महिन्यात कंपनीचं दिवाळं निघालं आणि लोकांचे पैसे मालकानं दुसरीकडं फिरवल्याचं कोर्टात सिद्ध झालं, २५ वर्षं शिक्षा झाली. तेव्हा ‘व्हिसाचा शिक्का आहे म्हणजे झालं’ असं कुणी म्हणालं तर मी मान हलवत नाही. शिक्का कार्डाचा असतो, तिजोरीचा नसतो.

अण्णांच्या मोबाईलमधल्या कार्डावर शिक्का तर ठसठशीत होता. टेलिग्रामच्या एका गटात त्यांना कुणीतरी ओढलं होतं. कार्ड सुरू करायला ५० यूएसडीटी, मग केवायसी तपासणीची परत मिळणारी ठेव म्हणून ३००. दोन्ही त्यांनी यूपीआयनं पैसे देऊन एका अनोळखी विक्रेत्याकडून नाणी घेऊन भरली होती. एकतीस-बत्तीस हजार गेले होते. माझ्याकडं ते तक्रारीला आलेच नव्हते. तिसरा हप्ता भरायला आले होते.

“भैय्या, सरकारचा टॅक्स भरायचाय. तीस टक्के. मंग पैसे सुटतेत म्हनं.”

मागणी होती ९६० यूएसडीटीची, ३,२०० चे बरोबर तीस टक्के. फसवणाऱ्याचा अभ्यास चांगला होता, हे मानावं लागतं. २०२२ च्या अर्थसंकल्पापासून आपल्याकडं क्रिप्टोच्या नफ्यावर खरोखरच ३० टक्के कर आहे, त्यामुळं आकडा ओळखीचा वाटतो. पण तो कर नफ्यावर लागतो, शिल्लकेवर नाही. आणि तो ॲपवाल्याकडं भरत नाहीत, आयकर विभागाच्या पोर्टलवर आपल्या पॅनवर चलन काढून रुपयांत भरतात. १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएससुद्धा देणं असलेल्या रकमेतून कापतात आणि आयकर पोर्टलवर आपल्या पॅनच्या कर-नोंदीत दिसतो. कापणं वेगळं, वरून मागणं वेगळं. आपला ऊस गेला की वाहतूक, तोडणी कापून बिल येतं. बिल सोडायला आधी तोडणीचे पैसे रोख आणा, असं कोणता कारखाना म्हणतो?

मी दोन्ही प्रकरणांत आधी हेच बघतो: पैसा कुणीकडून कुणीकडं मागितला जातोय. पोराला कंपनीनं मेल केला होता: कार्ड काढणाऱ्या संस्थेशी करार संपला, नवीन भरणा बंद, उरलेली रक्कम वॉलेटमध्ये (नाणी ठेवायच्या डिजिटल खात्यात) परत करू, वेळ लागेल. त्यात अरेरावी होती, दिलगिरी नावापुरती होती, पण एक पैसा मागितला नव्हता. उलट भरणा करू नका असं लिहिलं होतं. अण्णांचा ‘मॅनेजर’ गोड बोलत होता, रात्री अकराला उत्तर देत होता आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी रक्कम होती. चांगली वागणूक ही खुणेची गोष्ट धरू नका. खऱ्या कंपन्यांचं कस्टमर केअर बहुतेकदा रटाळच असतं.

दुसरी खूण कार्डाच्या मागच्या बारीक अक्षरात. खऱ्या कार्डावर किंवा त्याच्या करारात ‘हे कार्ड अमुक संस्थेनं, अमुक परवान्याखाली दिलं’ अशी ओळ असते. त्या संस्थेचं नाव तिच्या देशाच्या नियामकाच्या यादीत स्वतः शोधायचं, ॲपनं दिलेल्या लिंकवरून नाही. पोराच्या कार्डावर युरोपातल्या एका संस्थेचं नाव होतं, यादीतही होतं. अण्णांच्या कार्डाला मागची बाजूच नव्हती, नुसतं चित्र.

उपाय मात्र अगदी उलटे आहेत, आणि गफलत इथंच महाग पडते. पोराला मी सांगितलं, थांब, पण हात बांधून नको. विवरणं उतरवून घे, वॉलेटमधली जी नाणी निघतात ती आजच काढ, कार्ड काढणाऱ्या संस्थेला लेखी तक्रार कर. युरोप-ब्रिटनमध्ये ई-मनी संस्थेला ग्राहकांचे पैसे स्वतःच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात. पण ते संरक्षण कार्डावर चलनात भरलेल्या रकमेला. कंपनीकडं पडलेल्या क्रिप्टोला ते लागू होईलच असं नाही. आणि परदेशी संस्थेवर आपल्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा हात पोचत नाही. कंपनी दिवाळ्यात गेलीच तर दावा मुदतीत दाखल करावा लागतो.

अण्णांना थांबा म्हणणं म्हणजे चोराला वेळ देणं. तिथल्या तिथं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरली. टेलिग्रामचा गट सोडू दिला नाही, आधी सगळ्याची छायाचित्रं घेतली: वॉलेटचा पत्ता, क्रिप्टो व्यवहाराचा हॅश क्रमांक, यूपीआय व्यवहारांचे यूटीआर नंबर. क्रिप्टोचा व्यवहार उलटवता येत नाही, कार्डासारखी रक्कम परत मागायची सोय तिथं नाही. पकडता आलाच तर रुपयांचा धागा, तोही खातं लवकर गोठलं तर. यात एक वाकडी गोष्ट आहे: अण्णांना नाणी विकणारा विक्रेता कदाचित निर्दोष असेल, आणि गोठणारं खातं त्याचंच असेल. आमच्या पोराच्या बँक खात्यावर असाच होल्ड एकदा येऊन गेलाय, कुणाला तरी नाणी विकल्याबद्दल.

पोराचे पैसे सत्तेचाळीस दिवसांनी वॉलेटमध्ये आले, फी कापून. तो अजून कंपनीला शिव्या देतो.

अण्णांचे आले नाहीत. दिवाळीच्या आधी ते पुन्हा दुकानात आले. अडकलेलं क्रिप्टो सोडवून देतो म्हणणाऱ्या कुण्या ‘रिकव्हरी’ वकिलाचा मेसेज होता, त्यांच्या तक्रारीची रक्कमसुद्धा त्याला ठाऊक होती. फी आगाऊ, यूएसडीटीत. अण्णांनी मोबाईल काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, “ह्यो बी मागायलाच लागलाय बघ.”