कोण कोण चाललाय?

पावसाळ्यातल्या कुठल्याही शनिवारी पहाटे साडेपाचला नळस्टॉपला उभं राहून बघा. टेम्पो ट्रॅव्हलर लागलेली असते. गळ्यात शिट्टी आणि हातात यादी घेतलेला ट्रेक लीडर नावं पुकारत असतो. सतरापैकी सोळा आलेले, सतरावा "दोन मिनिटांत पोचतो" म्हणत अजून बिबवेवाडीतच. तिथून दहा पावलांवर पाठीला सॅक लावलेली एखादी मुलगी रिक्षाला हात करत असते. रिक्षावाला 'कुठे' विचारायच्या आधी विचारतो, "एकट्याच?"

पुण्यात आपण कुठे जाणार आहोत हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "कोण कोण चाललाय?" सोलो प्रवास, बॅकपॅकिंग हे शब्द नवे आहेत आणि त्यावरून होणारे वाद इन्स्टाग्रामच्या काळातले वाटतात. पण एकट्याने जावं की कुणाबरोबर, हा घोळ आपल्याकडे फार जुना आहे. आणि त्याचा निकाल बहुतेक वेळा स्वभावावर लागलेला नाही. वाट कशी आहे, रात्री टेकायला कोण जागा देतं आणि काही बरंवाईट झालं तर कोण धावून येतं, यावर लागलेला आहे.

मराठी गद्याच्या अगदी आरंभी उभा असलेला ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र, चक्रधरस्वामींचं चरित्र. त्याच्या पहिल्या भागाचं नावच 'एकांक': स्वामी एकटे हिंडत होते त्या काळाच्या लीळा. माणसं भोवती जमल्यावर पूर्वार्ध सुरू होतो. महानुभाव संन्याशांना अटन आणि विजन, म्हणजे सतत फिरणं आणि एकांतात राहणं, ही शिस्तच घालून दिलेली होती. त्याच तेराव्या शतकात दुसरं टोकही दिसतं. नामदेवांच्या नावावरच्या तीर्थावळीच्या अभंगांत ज्ञानदेव नामदेवांना तीर्थयात्रेला सोबत चला म्हणतात आणि नामदेवांचा पाय विठ्ठलापासून निघता निघत नाही. पुढे वाळवंटात दोघांना तहान लागते. विहीर खोल. ज्ञानदेव योगबळाने खाली उतरून पाणी पिऊन येतात, नामदेव काठावर बसून देवाला हाक मारतात आणि विहीर भरून वाहते. दोघांनी प्रवास केला की दोघांच्या पद्धती भिडतात. हे तेव्हाही होतं आणि आज गोव्याच्या ट्रिपमध्ये गूगल मॅप बघणारा आणि पानवाल्याला पत्ता विचारणारा यांच्यातही तेच होतं.

समूहाने चालण्याची पुण्याला माहीत असलेली सगळ्यात पक्की व्यवस्था अर्थातच वारी. तुकोबांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखी न्यायला सुरुवात केली असं मानतात. आज आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्याला जी शिस्त दिसते, ती हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लावली. शिंद्यांच्या पदरी सरदार असलेला हा माणूस. म्हणून रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला क्रमांक, चोपदार, घोडे हा सगळा थाट लष्करी तळाची आठवण करून देतो. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाला आणि तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला असतात, तेव्हा दोन रात्री पुण्याची मधली वस्ती म्हणजे एक मोठा तळ होतो. शाळांच्या वर्गांत, दुकानांच्या पायऱ्यांवर, वाड्यांच्या बोळांत माणसंच माणसं.

बाहेरून बघणाऱ्याला वारी ही गर्दी वाटते. आतून ती लहान लहान गटांची बांधणी आहे. वारकरी आपल्या दिंडीत भिशीचे पैसे भरतो, त्यात जेवण आणि तंबू आला. सामान दिंडीच्या ट्रकवर, अंगावर फक्त पताका नाहीतर टाळ. आणि मला सगळ्यात आवडते ती संध्याकाळची समाजआरती. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. चोपदार दंड उंचावतो आणि लाखभर माणूस गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातो, काय झालं ते ऐकून घेतो, मग टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारलं जातं आणि आरती होते. एकत्र प्रवासात रुसवेफुगवे होणारच हे धरून चालून, ते मांडायला रोजची वेळ राखून ठेवलेली ही रीत. आमच्या मनालीच्या ट्रिपला असा एखादा चोपदार असता तर दोन मैत्रिणी अजून बोलत असत्या.

काशीयात्रा हा मात्र वेगळा मामला होता. रेल्वेच्या आधी माणूस काशीला निघायचा तो परत येईलच याची खात्री कुणालाच नसायची, म्हणून लोक संग करून निघत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले आणि थेट बंडाच्या धामधुमीत सापडले. लुटले गेले, झाशीत अडकले, तरी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. त्यांची हकिगत छापली गेली ती १९०७ मध्ये. सोबतीची गरज किती खोल होती ते ठगांच्या धंद्यावरूनही कळतं. ठग आडरानात एकटा गाठून झडप घालत नसत. ते वाटेत ओळख काढायचे, "रस्ता धोक्याचा आहे, मिळून जाऊ" म्हणायचे, चार-आठ दिवस बरोबर जेवायचेसुद्धा. त्यांचं सावज म्हणजे सोबत शोधणारा माणूस. 'एकटं जाऊ नकोस' या उपदेशाइतकाच 'कुणाच्याही बरोबर जाऊ नकोस' हा उपदेश आपल्या घरांत का मुरला आहे, त्याची मुळं अशा वाटांवर सापडतात.

१८५८ मध्ये खंडाळा ते पुणे आगगाडी धावू लागली. बोरघाटातलं काम व्हायचं होतं, त्यामुळे १८६३ पर्यंत मधला टप्पा पालखीतून, तट्टावरून किंवा पायी उतरावा लागे. पण एकदा रूळ जोडले गेल्यावर वाटेवरची सोबत ही गरज उरली नाही. तिकीट काढलं की सोबत डब्यात आपोआप मिळू लागली.

बायकांचा हिशेब वेगळा, आणि त्यातलं एक पान मुद्दाम उघडून बघण्यासारखं आहे. २४ फेब्रुवारी १८८३. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई जोशी इंग्रजीत बोलायला उभ्या राहिल्या. वयाची अठरा पूर्ण व्हायला महिनाभर बाकी. डॉक्टर व्हायला अमेरिकेला का चालले आहे, हे त्यांना सांगायचं होतं. लोकांनी विचारून विचारून भंडावलेले प्रश्न त्यांनी एकेक करून घेतले आणि त्यात एक प्रश्न होता: मी एकटी का जाते? उत्तर सरळ, घरच्या जमाखर्चाचं. आधी दोघांनी जायचं ठरलं होतं. दोघांपुरते पैसे नाहीत. शिवाय नवऱ्यावर म्हातारे आईवडील आणि लहान भावंडं अवलंबून आहेत. तो निघाला तर ती उघडी पडतील. धैर्याच्या मोठ्या गोष्टी नाहीत. गंमत अशी, की त्या बोटीवर बसल्या तेव्हा खरोखर एकट्या नव्हत्याच, मिशनरी बायका बरोबर होत्या. म्हणजे लोकांच्या तोंडी 'एकटी' याचा अर्थ एवढाच होता, की घरचा पुरुष बरोबर नाही. १८८७ मध्ये त्यांनी पुण्यातच प्राण सोडला. त्या शब्दाचा अर्थ मात्र त्यानंतर फारसा बदललेला नाही. चार मैत्रिणी निघाल्या तरी शेजारच्या काकू विचारतातच, "एकट्याच जाताय का गं तुम्ही?"

हे मला कळलं ते १९९६ मध्ये, परप्रांतातल्या एका तीर्थाच्या गावी. रात्री साडेनऊची वेळ, लॉजच्या काउंटरवर मी. रजिस्टर उघडलेलं, नाव-गाव लिहून झालेलं, आणि 'सोबतच्या व्यक्ती' या रकान्यात मी शून्य लिहिलं. मॅनेजरने ते बोटाने झाकल्यासारखं केलं आणि रजिस्टर मिटलं. "सिंगल लेडीज नाही देत." मी कारण विचारलं तर तो खालच्या आवाजात म्हणाला, "एकटं माणूस येतं, कडी लावून घेतं आणि सकाळी आम्ही पोलिसांत." माझ्या चारित्र्याची शंका असेल असं मला वाटलं होतं, त्याला माझ्या जिवाची काळजी होती. स्वतःच्या धंद्याची जास्त. ती रात्र स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढली, सॅकला पट्ट्याने हात बांधून.

सह्याद्रीत एकट्याने हिंडणं शक्य केलं ते माझ्या मते एसटीने. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी धावली तीच मुळी पुणे–अहमदनगर. पुढे गाड्या गडांच्या पायथ्याच्या गावांपर्यंत पोचल्या, आणि मुक्कामी गाडी नावाची सोय झाली. संध्याकाळी गावात शिरायची, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपायचे, पहाटे तीच गाडी परत. खिशात परतीचे पैसे आणि डोक्यात गाडीची वेळ, एवढ्या भांडवलावर माणूस एकटा किल्ला करून येऊ लागला. तळेगावला राहणारे गो. नी. दांडेकर हे या भटक्यांचं दैवत. ते तरुणपणी एकटे नर्मदेकाठी हिंडलेले, आणि पुढे गडांवर जाताना मात्र बरोबर तरुणांना घेणारे. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी लष्करी सॅक मिळायच्या. वास येणाऱ्या, पण फाटता न फाटणाऱ्या.

डोंगरभटक्या मंडळींचा एक साधा नियम आहे: कमीत कमी चौघं. एकाचा पाय मोडला तर एक जण त्याच्यापाशी थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात, कारण मदत आणायलाही एकट्याने जायचं नाही. कड्यावर तर प्रश्नच मिटतो. चढणाऱ्याचा दोर खालून धरणारा दुसरा हवाच. १९८२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर आठ गिर्यारोहक पोचवले, ते अशा दोर धरण्याच्या तालमीतून. उलट बाजूला राइनहोल्ड मेसनर १९८० मध्ये एव्हरेस्टवर एकटा जाऊन आला, तोही बाटलीतल्या ऑक्सिजनशिवाय. पण त्याआधी दोन वर्षं तोच माणूस पीटर हाबेलरबरोबर जोडीने, ऑक्सिजन न वापरता त्या शिखरावर गेला होता, हे सोलोचं कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

पाठीवर बिऱ्हाड घेतलेला परका माणूस पुणेकरांनी जवळून पाहिला तो कोरेगाव पार्कात. १९७४ मध्ये रजनीशांचा आश्रम तिथे आला, १९७५ मध्ये बी. के. एस. अय्यंगारांची योगसंस्था शिवाजीनगरच्या बाजूला उभी राहिली. इस्तंबूल, तेहरान, काबूल करत जमिनीवरून येणारी गोरी पोरं त्या काळात देशभर दिसत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या आणि ती वाट बंद पडली. या पोरांच्या हातातल्या 'लोनली प्लॅनेट' मार्गदर्शिका काढणारे टोनी आणि मोरीन व्हीलर हे नवरा-बायको होते. आपल्या घरांत तेव्हा या भटक्यांकडे बघून नाक मुरडायचे. एकटा जीव सदाशिव ही म्हण सदाशिव पेठेतही कौतुकाने वापरली जात नव्हती.

आपला मध्यमवर्ग निघाला तो गाइडच्या झेंड्यामागे. टॉमस कुकने १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोला शिलिंगभर पैशांत पाचेकशे माणसं आगगाडीने नेली, तिथून ग्रुप टूरचा धंदा सुरू झाला. मराठी माणसासाठी त्याला पोह्या-वरणभाताची जोड मिळाली. केसरी टूर्स १९८४ मधली, वीणा वर्ल्ड २०१३ मधली. या धंद्याचं दरपत्रक नीट वाचा. भाव असतो ट्विन शेअरिंगचा. माणूस दोनच्या हिशेबात मोजलेला. एकटा गेलात तर खोलीचे जादा पैसे. फक्त बायकांच्या सहली निघाल्या आणि विधवा, अविवाहित, 'ह्यांना वेळ नाही' अशा कितीतरी जणी घराबाहेर पडल्या. त्यांना खोलीत जोडीदारीण कंपनीच देते. त्यातून दहा-दहा वर्षांच्या मैत्री झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि घोरण्यावरून झालेली भांडणंही.

आता वारं पुन्हा फिरलं आहे. २०१३ मध्ये झॉस्टेलने हॉस्टेलं सुरू केली आणि खोलीऐवजी कॉट भाड्याने मिळू लागली. एकट्याचा दंड गेला. २०१८ मध्ये पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत सायकलवर १५९ दिवसांत जग फिरून आली. बहुतेक वाट एकटीने, स्पेनमध्ये चोरट्यांचा हल्ला सोसून. उलट नेपाळने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरना वाटाड्याशिवाय जायला मनाई जाहीर केली. कारण जुनंच: हरवलेल्याला शोधायला शेवटी दुसऱ्यांनाच जावं लागतं.

माझी भाची येत्या महिन्यात स्पितीला निघाली आहे. एकटी. घरात तीन दिवस "कोण कोण?" चाललं होतं. सगळ्यात शेवटी माझी आई बोलली. तिने चौदा वर्षं दिंडीतून वारी केली आहे.

"सामान ट्रकवर टाकायची सोय आहे का गं?"

"नाही आजी, मीच उचलणार."

"मग ते दोन जीन्स काढून ठेव आधी. आणि टॉवेल कसला एवढा जाड, पंचा ने."