पार्श्वभूमी: मोटरहोमच्या अंगावरची पांढरी भुकटी

गेल्या ऑक्टोबरात आमच्या अंगणात एक मोटरहोम, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, पाच दिवस मुक्कामाला होती. गाव हर्णैच्या बाजूचं, समुद्र हाकेच्या अंतरावर. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली फायबरची बॉडी, रंग मुळात गडद निळा. शेजारचे तात्या गप्पा मारता मारता गाडीला टेकले आणि घरी निघाले, तेव्हा त्यांच्या काळ्या पँटीवर मागून पांढरा पट्टा उमटला होता. मान वळवून बघत म्हणाले, "काय हो, गाडीला चुना काढलाय काय?"

मालकांनी बॉडीवरून तळहात फिरवला. हाताने फळा पुसावा तसा तो पांढरा झाला.

मग अर्ध्या तासात चार उपाय जमा झाले. एक जण पूर्वी ट्रकवर होता. तो म्हणाला, डिझेलचा बोळा फिरवा, आत्ता चमकेल. गॅरेजमधल्या पोराचं म्हणणं, रबिंग मारून वर पॉलिश. आमच्या काकूंनी रिठ्याचं पाणी आणि काथ्या सुचवला. आणि बंदरावर आयुष्य गेलेले एक काका एवढंच बोलले, "आधी गोड्या पाण्याने खार काढा. मग काय तो खेळ करा." चौघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं, फक्त प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी वस्तू होती. गाडीचा वरचा थर शंभरेक वर्षांत चार-पाच वेळा बदलला. घासणारे हात मात्र मागच्या थराची सवय घेऊनच पुढे आले.

हौसेसाठी बांधलेली पहिली कॅराव्हॅन (चाकांवरचं घर) म्हणून जिचं नाव घेतात, ती १८८५ सालची 'वाँडरर'. ब्रिस्टलला रेल्वेचे डबे नि बग्ग्या बनवणाऱ्या कारखान्यात ती तयार झाली. मालक डॉ. गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातले माजी डॉक्टर. गाडी महोगनी आणि मेपल लाकडाची, वरून वॉर्निश, ओढायला घोडे. स्टेबल्स तिला 'लँड यॉट' म्हणत, म्हणजे जमिनीवरची नौका. आरमारातला माणूस दुसरं काय म्हणणार! पण त्या नावात निगेची पद्धतही आली. लाकडाची गाडी नौकेसारखीच सांभाळायची होती: खार-चिखल धुवायचा, सांधे तपासायचे, वॉर्निशला चिरा दिसल्या की खरवडून पुन्हा हात द्यायचा. चमक हा त्याचा फायदा, मूळ काम लाकडात पाणी न शिरू देण्याचं.

हे आपल्या किनाऱ्याला कुणी शिकवायला नको. इथे लाकडी होडीच्या फळ्यांमधल्या फटींत कापूस नि राळ ठासत. अंगाला मुशीचं (शार्क माशाचं) तेल किंवा काजूच्या टरफलांचं तेल चोपडत. मुशीच्या तेलाचा वास एकदा नाकात बसला की आठवडाभर जेवणात येतो. पण ते लाकडात मुरतं आणि पाण्याला वाट देत नाही. पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकायच्या, त्याला आपण 'शाकारणं' म्हणतो. घराच्या छपरालाही तोच शब्द. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या आधीच्या आठवड्यात कुठल्याही बंदरावर गेलात तर ही लगबग दिसेल. ओटीवर पावसाची झड येऊ नये म्हणून झापं बांधतात, तीही याच कुळातली. वस्तू पावसात बिघडल्यावर दुरुस्त करायची, असा इथला रिवाज नाही. पावसाआधी तिला पांघरूण घालायचं.

'रबिंग' हा शब्द गॅरेजमध्ये आला त्यामागे वेगळीच गोष्ट आहे. १९२० च्या दशकापर्यंत मोटारी बग्गीसारख्याच रंगवत. तेलाच्या वॉर्निशचे थरावर थर, प्रत्येक थर वाळायची वाट, एकेका गाडीला आठवडे लागत. मग ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचं लॅकर, म्हणजे झटपट वाळणारा रंग, काढलं. नाव 'ड्यूको'. जनरल मोटर्सने १९२३-२४ मध्ये आपल्या ओकलंड गाड्यांवर ते वापरलं. आठवड्यांचं काम तासांवर आलं. खोट एकच होती: ते वाळल्यावर मंद दिसायचं. चकाकी हवी तर बारीक खरीच्या लगद्याने पृष्ठभाग घासून सपाट करावा लागे. म्हणजे घासणं हा रंगकामाचाच शेवटचा टप्पा होता, आणि पुढे फिकट पडलेल्या गाडीवरचा उपायही तोच ठरला. आपले सुतार आजही स्प्रेने मारलेल्या फर्निचरच्या रंगाला 'ड्यूको' म्हणतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका डब्यावरचं नाव चिपळूणच्या सुताराच्या तोंडी जसंच्या तसं आहे.

घासून चकाकी काढण्याची युक्ती त्याहून कितीतरी जुनी आहे. सावंतवाडीचं लाखकाम सगळ्यांना ठाऊक आहे. लाखेच्या कातकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि मग केवड्याची पात दाबून धरली की तिला तकाकी येते. बफिंग मशीनच्या चकतीखाली उष्णता वाढते आणि कंपाऊंड (घासायचा खरीचा लगदा) रंग सपाट करत जातं, ते बघताना मला ती केवड्याची पात आठवते. फरक एवढाच की लाख पुन्हा पसरवता येते, मोटारीचा रंग मात्र घासला की गेला.

वॅक्सचंही मूळ झाडातच. उत्तम मेण समजतात ते कार्नोबा, ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचं. आपल्या माडाचा लांबचा भाऊबंदच म्हणा. कोरड्या उन्हाळ्यात पानातलं पाणी उडू नये म्हणून झाड स्वतःच हे मेण पानावर आणतं. पानं वाळवून, झोडपून ते काढतात. ते साधारण ८२ ते ८६ अंशांना वितळतं, त्यामुळे उन्हात तापलेल्या टपावरही टिकाव धरतं. मधमाशीचं मेण ६५ अंशांच्या आतच पातळ होतं.

१९३० च्या दशकात अमेरिकेत ॲल्युमिनियमच्या कॅराव्हॅन आल्या. वॉली बायम यांच्या 'एअरस्ट्रीम'ची 'क्लिपर' १९३६ सालची. विमानासारखे रिव्हेट मारलेली, रंग न देता नुसती चकचकीत. या गाड्यांसाठी जो पत्रा नावाजला गेला तो 'अल्क्लॅड', म्हणजे मजबूत मिश्रधातूवर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा. गंज रोखायचं काम त्या पापुद्र्याचं. हौसेने दरवर्षी आरसा करायला गेलात तर तोच झिजतो. असा पत्रा पॉलिश करताना फडकं काळंकुट्ट होतं आणि माणसाला वाटतं, केवढी घाण निघाली! ती घाण नसते, पत्राच असतो. आपल्याकडे एसटीची बॉडीही ॲल्युमिनियमची असायची, पण तिच्यावर रंग चढलेला. त्यामुळे ही आरशाची हौस आपल्या रस्त्यांवर आली नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात ते बरंच झालं. स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये पिळला आणि दोघांमध्ये खारट ओल बसली की ॲल्युमिनियम स्क्रूभोवती पांढरं होऊन फुलतं. घड्याळाचा सेल चालतो त्याच तत्त्वावर.

डिझेलच्या बोळ्याचा जमाना हा ट्रकच्या ऑइलपेंटचा. ड्रायव्हरच्या जोडीदाराला नावच 'क्लीनर', बोलीत किन्नर. ऑइलपेंट उन्हाने भुरकट झाला की किन्नर डिझेलचं फडकं फिरवायचा आणि गाडी नव्यासारखी दिसायची. का, ते जांभ्याचा चिरा बघून कळेल. कोरडा चिरा फिका, त्यावर तांब्याभर पाणी ओता, लालभडक होतो. खडबडीत पृष्ठभागातल्या बारीक खळग्यांत द्रव भरला की प्रकाश विखुरत नाही, एवढंच. रंग परत येत नाही, फक्त ओला दिसतो. नाक्यापर्यंत जाईतो त्याच तेलावर धूळ चिकटते.

आता तात्यांच्या पँटीकडे येऊ. काचतंतू आणि पॉलिस्टर रेझिन (वाळून घट्ट होणारी कृत्रिम राळ) यांचं जे 'फायबर', ते आधी नौकांत रुजलं. १९५३ साली शेव्हरले कंपनीने 'कॉर्व्हेट' मोटारीची बॉडी त्याची केली. विनेबेगोने १९६६ मध्ये कारखान्यात ओळीने मोटरहोम बांधायला घेतल्या त्या ॲल्युमिनियम आणि फोमच्या थरांच्या भिंतींच्या होत्या. फायबर पुढे हळूहळू भिंतींवर, नाकाडावर, टपावर पसरलं. आपल्या किनाऱ्यावरही लाकडी होड्यांच्या जागी फायबरच्या होड्या आल्याच. फायबरच्या सर्वांत वर असतो जेलकोट, रंग मिसळलेल्या रेझिनचा थर, साधारण अर्धा मिलिमीटर. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचं रेझिन तुटत जातं आणि आतला रंगकण मोकळा होऊन भुकटीसारखा बाहेर येतो. तात्यांना लागला तो चुना हाच. होडीवाल्यांना ही भुकटी पाठ आहे. मोटरहोमवाल्याला ती बघून धक्का बसतो, कारण मोटारीचा रंग असा हाताला लागत नाही.

लागत नाही, कारण आताच्या मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. हा थर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून पातळ. गॅरेजच्या पोराचा हात यावर बसलेला. तो क्लिअरकोटवर जपून मशीन चालवतो ते योग्यच, आणि तितक्याच जपून जेलकोटवर चालवतो तेव्हा भुकटी अर्धीच निघते. उलट जेलकोटची जाड कंपाऊंड मोटारीच्या बॉनेटवर मारली तर क्लिअरकोट पार जाऊन खालचा रंग उघडा पडतो. भानगड अशी की एकाच मोटरहोमवर दोन्ही असतात: पुढची केबिन कंपनीची, क्लिअरकोटची, मागचं घर फायबरचं. एका डब्याने सगळी गाडी घासणाऱ्याने कुठे तरी चूक केलेली असतेच.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून अशा गाड्या इकडे जास्त दिसू लागल्या, आणि त्यांची माहिती बहुतेकांनी कोरड्या, थंड देशातल्या लोकांकडून घेतलेली. इथली हवा त्या माहितीत बसत नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच ओल ओढून विरघळतं. पावसाळ्यात आणि एरवीही रात्री-पहाटे किनाऱ्यावर आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे गाडीवर बसलेला खार रोज रात्री पाणी होतो, सांध्यांत, रिव्हेटांखाली, खिडकीच्या रबरात झिरपतो आणि दुपारी पुन्हा सुकतो. पुसून तो जात नाही, विरघळवून वाहून न्यावा लागतो. बंदरावरच्या काकांचं "आधी गोडं पाणी" हे एवढ्यासाठी. आणि ते पाणी नुसतं सोडायचं. प्रेशरचा पाइप खिडकीच्या कडेला लावला तर रबर उचकटून पाणी आत जातं.

त्यात जांभ्याची धूळ. ती लोखंडाच्या ऑक्साइडची, म्हणून लाल, आणि कठीण. मी माझ्याच गाडीच्या बॉनेटवर एकदा कोरडं फडकं मारलं होतं, पाहुणे यायचे म्हणून घाईघाईत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं. ते अजून आहे. काकूंचा काथ्या पितळेच्या घंगाळ्याला उत्तम, रिठ्याचं पाणी तर गाडीलाही चालेल. पण काथ्या जेलकोटवर फिरवला की हेच.

सावलीचाही मोह इथे महाग पडतो. आंब्याखाली गाडी लावणाऱ्याला मोहोराच्या दिवसांत पानं आणि टप चकचकीत दिसतात. तो तुडतुड्यांचा गोड चिकटा. त्यावर काळी बुरशी धरते आणि पुढच्या पावसात टपावरून भिंतीवर काळे ओघळ उतरतात, पागोळ्यांखालच्या भिंतीवर उतरतात तसे. फणसाचा चीक पडला असेल तर मात्र घरचाच उपाय चालतो, खोबरेल. फणस फोडताना हाताला लावतो तेच. पाच मिनिटं ठेवून मऊ फडक्याने टिपायचं, मग साबणपाण्याने तेल काढायचं, नाहीतर किन्नरच्या डिझेलसारखी त्यावर धूळ बसेल.

त्या निळ्या मोटरहोमचं पुढे काय झालं? मालकांनी चौथ्या दिवशी विहिरीच्या पाण्याने टपापासून खाली गाडी धुतली, सावलीत. मग गॅरेजच्या पोराने मागच्या खिडकीखाली वीतभर चौकोनाला चिकटपट्टी लावून आत जेलकोटची कंपाऊंड हाताने घासली, वर बारीक पॉलिश, वर वॅक्स. पट्टी काढल्यावर आत भर समुद्राचा निळा आणि बाहेर धुकं. उरलेली गाडी पुण्याला जाऊन करू, असं मालक म्हणाले. परवा त्यांनी फोटो पाठवला. गाडी अजून तशीच पांढुरकी आहे. चौकोनावर पाण्याचे थेंब गोळे होऊन बसलेत, आणि त्याच्या कडेला मुलांनी भुकटीत बोटाने मासा काढलाय.