टीव्हीच्या डब्यातून उलथन्यात: ब्रोमीनचा ५० वर्षांचा प्रवास

काळ्या प्लास्टिकच्या उलथन्यात केमिकल निघालं अशी बातमी २०२४ मधे सगळीकडे फिरली, आईनेही विचारलं की टाकून देऊ का, आणि तिला समजावताना मला थेट १९७० च्या दशकापासून सुरुवात करावी लागली.

तेव्हा टीव्ही आतून चांगलाच तापायचा आणि डबा प्लास्टिकचा, म्हणजे शेवटी तेलापासूनच बनलेला, एकदा पेटला की थांबणार नाही. म्हणून त्यात ब्रोमीनवाली केमिकल्स घालायला लागले. आगीत ब्रोमीन सुटतं आणि ज्वाळा पुढे वाढूच देत नाही. हेतू चांगलाच होता, पण यातली बरीचशी केमिकल्स प्लास्टिकला जोडलेली नसतात, भेळेत शेव असते तशी नुसती मिसळलेली, त्यामुळे हळूहळू बाहेर पडतात आणि घरातल्या धुळीत येतात.

धोका कळला तो एका चुकीमुळे. १९७३ साली अमेरिकेत मिशिगनमधे एकाच कंपनीचे दोन माल होते, गुरांच्या खाद्यात घालायचं न्यूट्रीमास्टर आणि आग रोखणारं फायरमास्टर, पोती बदलली आणि विष खाद्यात गेलं. कळेपर्यंत महिने गेले, तोवर दूध, मांस, अंडी लोकांच्या पोटात. सुमारे ३०,००० गुरं मारून पुरावी लागली. त्या शेतकऱ्यांचं काय झालं असेल याचा विचार केला की अजून पोटात तुटतं. ते केमिकल बंद झालं, पण त्याच घराण्यातली दुसरी, पेंटा, ऑक्टा, डेका, जोरात चालू राहिली. मग स्वीडनमधे १९७२ ते १९९७ चे आईच्या दुधाचे साठवलेले नमुने तपासले तर त्यांचं प्रमाण दर पाच वर्षांनी जवळपास दुप्पट होत गेलेलं.

युरोपने २००४ मधे पेंटा आणि ऑक्टा बंद केली, २००९ मधे स्टॉकहोम करारातही, म्हणजे लवकर नष्ट न होणाऱ्या विषारी केमिकल्सवर बंदी घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात, ती आली, डेका २०१७ मधे. पण माझ्या मते सगळी गडबड २००९ मधेच झाली, कारण बंदी घालतानाच रिसायकलिंगला २०३० पर्यंतची सूट दिली. नवीन बनवायचं नाही, पण जुन्यातलं पुन्हा वापरलं तर चालेल. कराराच्याच तज्ज्ञ समितीने २०१० मधे सांगितलं होतं की हा माल रिसायकलिंगमधून लवकरात लवकर बाहेर काढा, नाहीतर हे सगळीकडे पसरेल.

पसरलंच. टीव्ही, प्रिंटर, कीबोर्डचं प्लास्टिक बऱ्याचदा काळं, आणि काळा रंग सॉर्टिंग मशीनच्या इन्फ्रारेडला दिसतच नाही, त्यामुळे ते वेगळं न निघता तसंच पुढे जातं. वितळवलं की दाणा, आणि काळ्या दाण्याला दुसरा रंग चढत नाही मग वस्तूही काळीच. खेळण्यातले क्यूब (वरचे चौकोन रंगीत, आतलं प्लास्टिक काळं), कंगवे, उलथनी. २०२४ च्या अमेरिकन अभ्यासात संशय आलेल्या २० काळ्या वस्तू नीट तपासल्या तर १७ मधे ही केमिकल्स निघाली. त्यात सुरक्षित मर्यादेच्या हिशोबात एक शून्य सुटलं होतं, उलथन्यातून पोटात जाणारं डेका मर्यादेच्या जवळ वाटलं ते खरं तर दहाव्या हिश्श्याहून कमी निघालं, हे सांगायलाच हवं. पण बंदी घातलेलं केमिकल स्वयंपाकघरात होतं ते होतंच.

आपल्याकडे हा माल हाताने वेगळा होतो. धारावीत किंवा दिल्लीत तुकडा लायटरने जाळून वास घेतात, किंवा मीठ घातलेल्या पाण्यात टाकतात, ब्रोमीनवालं जड म्हणून तळाशी बसतं. तो धूर रोज कोणीतरी नाकात घेतो, त्याच्यासाठी कुठली बातमी फिरत नाही.

भारतात नवीन इलेक्ट्रॉनिक मालासाठी या केमिकल्सवर ०.१ टक्क्याची मर्यादा लागू झाली १ मे २०१४ पासून. म्हणजे त्याआधीच्या आपल्या डबा टीव्हींना काहीच नव्हती. आमच्या गावच्या घरी माळ्यावर तसा एक अजून पडून आहे, मागचं काळं कव्हर धुळीने पांढरं झालंय, आणि भंगारवाला दर दिवाळीला विचारून जातो.