फळ्यापुढचा शांत चेहरा

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या मुंबईतील शाळा ४ ऑक्टोबर २०२१ रोजी आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी पुन्हा उघडल्या. पहिली ते सातवीचे वर्ग १५ डिसेंबरला सुरू झाले, ओमायक्रॉनच्या लाटेमुळे ४ जानेवारी २०२२ पासून दहावी-बारावी वगळता सर्व वर्ग पुन्हा बंद करावे लागले आणि २४ जानेवारीला परत भरले. या तारखा एरवी विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नुकसानीच्या चर्चेत येतात. त्या काळात शाळेत परतणाऱ्या शिक्षकांच्या मनाचा विचार करतानाही त्या समोर ठेवाव्यात, कारण त्यांच्या ताणाचा बराच भाग प्रत्यक्ष संसर्गाच्या भीतीपेक्षा या उघडझाकीतून आला असावा, असे मला वाटते.

असे वाटण्याला आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ४५ जणांना संगणकाच्या पडद्यावर दगड दाखवून त्याखाली साप आहे की नाही, हे ओळखायला सांगितले होते; साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण वेदनादायक झटका बसत असे. घामाचे प्रमाण आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा विस्तार मोजल्यावर असे दिसले की, झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना जेवढा ताण येतो, त्यापेक्षा तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना अधिक येतो. ज्यांचा ताण अनिश्चिततेबरोबर चढत-उतरत होता, त्यांचे अंदाजही अधिक बरोबर येत होते, म्हणजे हा ताण मनाचा दुबळेपणा म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. सोमवारी वर्ग भरणार की नवे परिपत्रक येणार, निम्म्या पालकांची संमतीपत्रे आली तर उरलेल्यांना शिकवायचे कसे, लोकलच्या गर्दीतून आपण घरच्या वृद्धांसाठी काही घेऊन तर जात नाही ना, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे अशीच निम्मी-निम्मी होती.

धोक्याची चाहूल लागताच मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पिट्युटरी ग्रंथी आणि मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथी यांची साखळी कामाला लागते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक वाढते. धोका टळला की ही यंत्रणा शांत होते. तो टळला की नाही हेच कळत नसेल, तर ती वारंवार जागी होत राहते आणि शरीराची झीज होऊ लागते. या साचलेल्या झिजेची संकल्पना ब्रूस मॅकएवन यांनी १९९३ मध्ये मांडली. झोप न लागणे, लहानसहान गोष्टींवर चिडणे, ओळखीच्या मुलाचे नाव ऐन वेळी न आठवणे ही तिची घरगुती रूपे होत.

शिक्षकाच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. त्या काळात दाराशी तापमान मोजून, हातावर सॅनिटायझर घेऊन मुले आत येत आणि एका बाकावर एक अशी अंतर राखून बसत. चेहऱ्याचा निम्मा भाग मास्कखाली असल्यामुळे मुलाला कळले की नाही, हे केवळ डोळ्यांवरून ताडावे लागे. हजेरी घेताना एका नावापाशी उत्तर येत नसे आणि मागून कोणीतरी सांगे, “बाई, ते लोक गावाला गेले, परत आले नाहीत.” दुसऱ्या एका मुलाचे वडील दुसऱ्या लाटेत गेलेले असत. बाईंच्या पोटात कालवे, तरीही पुढचे नाव नेहमीच्या आवाजात घ्यावे लागे.

नोकरीचा भाग म्हणून भावना आवरण्याच्या या श्रमांकडे समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये लक्ष वेधले होते. पुढे जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिले की, चेहऱ्यावर भावना दिसू न दिल्याने ती आतून कमी होत नाही. उलट शरीराची उत्तेजित अवस्था वाढते आणि त्या वेळी समोर घडलेले नीट लक्षात राहत नाही. २००३ मधील एका प्रयोगात तर भावना दाबणाऱ्या व्यक्तीशी बोलणाऱ्याचाही रक्तदाब वाढलेला आढळला. दगडासारखा निर्विकार चेहरा मुलांना धीर देतो, हा समज म्हणूनच तपासून घ्यायला हवा.

याला दोन पर्याय अभ्यासांत पुढे आले आहेत. घटनेकडे पाहण्याची दृष्टी आधीच बदलणे, म्हणजे “दीड वर्षाचा अभ्यासक्रम भरून काढायचा आहे” याऐवजी “हा पहिला आठवडा मुलांना पुन्हा वर्गात बसण्याची सवय लावण्याचा आहे” असे ठरवणे, हे भावना दाबण्यापेक्षा शरीराला कमी महाग पडते. दुसरा पर्याय भावनेला शब्दांत मांडण्याचा. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ मधील मेंदूप्रतिमांच्या अभ्यासात, चित्रातल्या चेहऱ्यावरील भावनेला नाव देताना भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागाची सक्रियता कमी झालेली दिसली. वर्गात “मलाही आज थोडी धास्ती वाटते आहे, पण आपण खिडक्या उघड्या ठेवल्या आहेत” असे म्हणणाऱ्या बाई हेच करत असतात आणि मुलांनाही तशी वाट दाखवतात.

मात्र सगळा भार शिक्षकाच्या मनोबलावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. ‘सकारात्मक राहा’ असे सांगणाऱ्या तासाभराच्या वेबिनारपेक्षा, पुढच्या पंधरवड्याचे न बदलणारे वेळापत्रक, वर्गात रुग्ण आढळल्यास कोण कोणाला कळवणार याची लेखी पद्धत आणि दूरच्या उपनगरांतून येणाऱ्यांना वेळेची थोडी सवलत यांचा उपयोग अधिक, कारण त्यांनी अनिश्चितताच कमी होते. संसर्गाच्या भीतीने स्टाफरूममधले एकत्र डबा खाणे बंद झाले आणि त्याबरोबर मन मोकळे करण्याची रोजची जागाही गेली; मोकळ्या गच्चीवर अंतर ठेवून ती परत देता आली असती. निद्रानाश, रडू येणे किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर सहकाऱ्यांशी बोलणे पुरेसे नसते आणि समुपदेशकाची किंवा मानसोपचारतज्ज्ञाची मदत घ्यावी. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही समुपदेशन सेवा मुंबईत २०१२ पासून होती. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुंबईतील वर्ग पूर्ण क्षमतेने भरू लागून काही महिने उलटले होते.